लापशीवरची गोधडी

हाल्वर पलंगाचे पाय करवतीनं कापत होता. पलंग त्यानंच उन्हाळ्यात बनवला होता, बर्चच्या लाकडाचा, डोक्याशी दोन पक्षी कोरलेला. आता तो गोठ्याच्या ओसरीत उलटा पडला होता आणि त्याचे पाय एकेक करून खाली गळत होते.

"अजून किती कापू?"

"जमिनीला टेकेपर्यंत," त्याची बायको तोरुन म्हणाली.

*

आस्लॉगनं बार्लीच्या लापशीचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि एका लाल फुलाफुलांच्या गोधडीत गुंडाळलं. गोधडीला दोन लांब बंद होते. ते तिनं भांड्याभोवती फिरवून पुढे गाठ मारली. माणसं शेतातून येईपर्यंत लापशी गरम राहायला हवी. आयुष्यभर तिनं त्यासाठी गवत भरलेली पेटी वापरली होती.

"ही बरी," ती भांड्याला म्हणाली. "अंगासरशी बसते. पण बंद बघा कसे केलेत! टोकाला निळा तुकडा. कापड पुरलं नसेल कुणा कंजूष बाईला."

*

शेजारच्या स्वेरेचं बटाटे काढायचं यंत्र मोडलं. त्याचा दात एका दगडानं तोडला, आणि सुटा भाग शहरातून यायला आठवडा लागणार होता.

*

दाराशी बुटांची रांग. रांगेच्या शेवटी रबरी, पांढरे, होडीसारखे इवलेसे जोडे, टोकं दाराकडे. घरातलं कुणीतरी ते रोज संध्याकाळी उलटे फिरवून टोकं घराकडे करायचं. सकाळी टोकं पुन्हा दाराकडे.

*

"तिच्याकडे पाठ करू नका," दत्तक संस्थेच्या एवेन्सेनबाई म्हणाल्या होत्या. "पाठ फिरवून गेलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली असतील. तुम्ही समोर राहा. खाली वाका, डोळ्यांत बघा, हात पसरा. आणि वाट बघा."

*

यंत्राचं सोडलं तर हे सगळं एकाच मुलीपायी चाललं होतं. यंत्राचंही शेवटी तसंच झालं.

मुलीचं नाव उन-सिल. वय तीन. सप्टेंबरात ओस्लोच्या विमानतळावर, विमानातून तिला घेऊन आलेल्या एका थकलेल्या बाईनं तिला तोरुनच्या हातात दिलं, तेव्हा ती झोपेत होती. डोळे उघडल्यावर तिनं अंग असं ताठ केलं की तोरुनला वाटलं, आपण सरपणाचा ओंडका धरलाय. तिनं घाईघाईनं तिला खाली ठेवलं. तेव्हापासून उन-सिल कुणाच्याही कडेवर गेली नव्हती. कुणी बोट पुढे केलं तर धरायची. वाडगा समोर ठेवला तर खायची. रडायची नाही, हे सगळ्यांत वाईट. झोपायची दाराशी, जमिनीवर, म्हणून पलंगाचे पाय गेले. पाय गेल्यावरही ती दाराशीच झोपली आणि पलंगावर मांजर झोपू लागलं.

तिच्यासोबत एक लहानशी पिशवी आली होती. दोन झगे, ते रबरी जोडे, लाल गोधडी. कोरियात, सोलमध्ये ती एका बाईच्या घरी राहत होती, अगदी तान्ही असल्यापासून. एवढंच यांना सांगण्यात आलं होतं.

आस्लॉग ही हाल्वरची आई. तिनं पहिल्याच दिवशी ती गोधडी उकळत्या पाण्यात घातली. "जगाच्या पलीकडनं आलीय," ती म्हणाली, "काय काय चिकटलं असेल." धुऊन वाळल्यावर गोधडी तीन वर्षांच्या मुलीला पांघरायला आखूड, आणि दोन लांब बंदांचा काही अर्थ लागेना.

"एप्रन असेल," हाल्वर म्हणाला.

"कापूस भरलेला? स्वयंपाक करायला की लढाईला?"

"मग घोड्याची झूल."

"तुला डोकं दिलं देवानं, हाल्वर, ते टोपी घालायला." असं म्हणून आस्लॉगनं ती भांड्याभोवती गुंडाळून बघितली, आणि प्रश्न मिटला.

फक्त उन-सिल भांड्यापाशी जाऊन बसायची. रोज. आस्लॉगनं गाठ मारली की ती येऊन जमिनीवर मांडी घालायची, गोधडीच्या कडेवर हात ठेवायची आणि तसाच ठेवून बसायची. भूक लागली असेल म्हणून आस्लॉग गाठ सोडून तिला वाडगाभर लापशी द्यायची, वर लोण्याचा गोळा. उन-सिल वाडग्याकडे बघायची, मग सुट्या पडलेल्या गोधडीकडे. लापशीवर साय धरायची.

"वास आवडतो वाटतं," आस्लॉग म्हणायची. "चव नाही."

*

एवेन्सेनबाईंनी सांगितलेलं सगळं तोरुननं पाळलं. ती इतकं पाळायची की तिच्या नवऱ्याला हसू यायचं आणि सासूला राग. उन-सिल खोलीत असली की तोरुन चुलीकडे उलट्या पावलांनी जायची. मागे हात करून कॉफीची किटली चाचपायची. भांडी विसळतानाही मान वळवून हसत राहायची. एकदा तळघराच्या पायऱ्या तिनं मागे मागे उतरून पाहिल्या आणि गाजरांच्या खोक्यात बसली.

"राजाच्या दरबारातून निघाल्यासारखी चालतेस," आस्लॉग म्हणाली. "मला सहा पोरं झाली. एकाचंही तोंड बघायला सवड नव्हती."

"ती तुमची होती, आई."

आस्लॉगनं जाऊन गाजरं उचलली.

सगळ्यांत वाईट वेळ दुपारची. जेवणं आटपली, माणसं पुन्हा बाहेर गेली, की तोरुन सतरंजीवर गुडघे टेकायची आणि हात पसरायची. उन-सिल उठायची. खरंच उठायची, हेच तर होतं. चार पावलं पुढे यायची, आणि मग ती बाजूला वळायची. तोरुनच्या हाताला वळसा घालून मागच्या बाजूला निघायची. तोरुन लगेच गुडघ्यांवर फिरायची, पुन्हा समोर. पुन्हा हसू, पुन्हा हात. उन-सिल थबकायची, पुन्हा वळसा. तोरुन पुन्हा फिरायची. झुंजीतल्या कोंबड्यांसारख्या दोघी सतरंजीवर गोल गोल. शेवटी उन-सिल थांबायची, तिच्याकडे एकदा नीट बघायची आणि भांड्यापाशी जाऊन बसायची.

तोरुनचे हात बराच वेळ तसेच पसरलेले राहायचे. मग ती सतरंजीच्या झालरी सरळ करायची. त्या आधीच सरळ असायच्या.

*

"गुरुवारी एवेन्सेनबाई येणार आहेत," तिनं हाल्वरला गोठ्यात सांगितलं. तो दूध काढत होता आणि ती चरवी घेऊन उभी होती. "मी फोन केला होता. म्हटलं, बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"त्या मागे म्हणाल्या होत्या ना, एका घरात मुलाचं जमलं नाही. मग त्याला दुसऱ्या घरी दिलं आणि तिथं तो हसायला लागला."

हाल्वरचे हात थांबले. गाईनं वळून पाहिलं.

"ती माझ्यापाशी येत येत बाजूनं निघून जाते, हाल्वर. रोज. मी काय आहे ते तिला कळतं आणि मग ती जाते. दुसरी कुणी असेल, जिच्याकडे ती जाईल. मी मधे उभी राहिले तर तिला ती कशी मिळणार?"

"तुला ती नकोय?"

"मूर्खा," तोरुन म्हणाली. चरवीची कडी तिनं दोन्ही हातांत आवळून धरली होती. "नको असती तर सोपं होतं."

तो पुन्हा दूध काढू लागला.

"बटाटे होऊ देत आधी," तो म्हणाला.

*

बटाटे थांबणार नव्हते. म्योसा तळ्यावरून वारा उत्तरेकडे फिरला होता, रेडिओवर रात्री दहिवर गोठणार म्हणून सांगत होते, आणि तळ्याकडच्या उतारावरचा अख्खा तुकडा जमिनीतच होता. स्वेरेचं यंत्र असतं तर दुपारपर्यंत मोकळे झाले असते. मुलांनी बटाटे वेचावेत म्हणून शाळांना सुट्टी होती, पण यंत्र मोडल्यानं सगळ्यांच्याच रानात हात कमी पडत होते. तेव्हा हाल्वर आणि स्वेरे दाताळ्यांनी सऱ्या उकरत पुढे, आणि दोघी बायका मागून वेचत. आस्लॉग सत्तरीची, पण कंबरेत वाकली की एखाद्या बिजागरीसारखी तशीच राहायची.

उन-सिल बांधावर रिकाम्या पोत्यावर बसली होती. लोकरीची टोपी, लोकरीचे हातमोजे, आणि हट्टानं पायात तेच रबरी जोडे, आत दोन पायमोजे.

तोरुन तिच्याकडे तोंड करून वेचत होती. म्हणजे उलट्या दिशेनं. सरीत मागे मागे सरकायचं, वेचायचं, वर बघून हसायचं. टोपली तिच्या टाचांना अडायची. अर्धे बटाटे तिच्याच पायांखाली दबत होते.

"वहिनी," स्वेरे ओरडला, "खेकडा पाहिला होता, बटाटे वेचणारा पहिल्यांदाच बघतोय!"

"तू तुझं यंत्र बघ," हाल्वर म्हणाला.

आस्लॉगनं कंबर सरळ केली. आकाशाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "तोरुन. आज रात्री हे गोठलं तर वर्षभर डुकरंही तोंड लावणार नाहीत. वळ."

"पण ती बघतेय."

"बघू दे. काम करणारी पाठ बघून कुणी मेलं नाही." आणि जरा खालच्या आवाजात, "मी लापशी काढून येते. तोवर ही सरी संपव, पोरी."

आस्लॉग घराकडे गेली. तोरुन क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं बांधाकडे एकदा पाहिलं, काहीतरी मागितल्यासारखं, आणि पाठ केली.

वळल्यावर काम भरभर होऊ लागलं, आणि तेच तिला सहन होईना. ती सरीत उकिडवी बसली. माती गार होती, बोटं बधिर. बटाटे ओंजळीत, ओंजळ टोपलीत, टोपली पुढे. गुरुवारी काय बोलायचं त्याची वाक्यं ती जुळवत होती. 'आम्ही प्रयत्न केला.' नको. 'ती चांगली मुलगी आहे.' हे खरं होतं, पण ते म्हटलं की पुढचं म्हणता येणार नाही. नाक वाहत होतं. पुसायला कोरडी जागा नव्हती.

टोपली भरली. दुसरी मागे कुठंतरी होती. वळायला नको, कारण वळलं तर बांध दिसेल आणि तिचे डोळे बांधावरून दिसतील. म्हणून ती तशीच उकिडवी राहिली, जरा पुढे वाकली, आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन टोपली चाचपू लागली. तळवे वर, बोटं उघडी.

टोपली लागली नाही.

मागे मातीत पावलं वाजली. हलकी, भराभर. रबर चिखलातून सुटताना होणारा आवाज. मग तिच्या खांद्यांवर दोन हात आले. मग पाठीवर एक ऊबदार वजन, वरपासून खालपर्यंत, एकदम. मानेशी लोकरीची टोपी. टोपीखाली गाल.

तोरुन हलली नाही. श्वासही तिनं जपून जपून घेतला. दोन छोटे पाय तिच्या कंबरेच्या दोन्ही बाजूंनी पुढे आले आणि गुडघे आवळले गेले, दाराला कडी बसावी तसे. तिचे हात मागेच होते. काय करायचं हे त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखे ते एकमेकांत अडकले, आणि बरोबर त्यांच्यावर मूल बसलं.

वजन थांबलं होतं. वाट बघत होतं. मग टाचांनी तिच्या कुशीत एक हलकीशी टोचणी दिली, बैलाला द्यावी तशी.

तोरुन उठली.

पलीकडच्या सरीत हाल्वर दाताळं जमिनीत रोवून थिजला होता.

"काय रे," स्वेरे म्हणाला, "पाठ धरली का?"

"गप," हाल्वर म्हणाला. "गप, गप, गप."

ती त्यांच्या समोरून गेली. हाल्वरकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं आणि खांदे हलले असते. भरलेली टोपली, रिकामी टोपली, पोतं, सगळं मागे राहिलं. उतार चढताना मानेवरचा श्वास संथ झाला आणि एका जागी ओला लागू लागला. कानाशी एक आवाज सुरू झाला. शब्द होते, कितीतरी, एकामागून एक. आठवडेच्या आठवडे साठवलेले शब्द. तिला एकही कळला नाही. ती प्रत्येकाला "हो," म्हणत गेली. "हो. हो ना. हो."

*

स्वयंपाकघरात आस्लॉग पाठमोरी, भांड्याची गाठ सोडत होती. "संपली सरी?" तिनं विचारलं, आणि गोधडी हातात घेऊन वळली.

पाठीवरचं मूल किंचाळलं. भीतीनं नाही. तोरुनच्या खांद्यावरून एक हात पुढे आला, हातमोज्यासकट, आणि त्यानं गोधडीचा काठ पकडला. ओढला. दोघींच्या मधे लाल फुलं ताणली गेली. मुलीनं काठ आपल्या डोक्यावरून मागे टाकायचा प्रयत्न केला, तो घसरला, पुन्हा ओढला.

आस्लॉगनं हातातल्या गोधडीकडे पाहिलं. उघड्या भांड्याकडे पाहिलं, गोल, बसकं, वाफ निवत चाललेलं. मग सुनेच्या पाठीकडे.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि मी हिच्यात लापशी निजवत होते."

"आई, मला हिला सोडायचं नाहीये. हात भरून आलेत, पण सोडायचं नाहीये."

"नको सोडू. नीट उभी राहा. अशी नाही, जरा वाक. मी भारे बांधलेत आयुष्यभर."

आस्लॉगनं गोधडी मुलीच्या पाठीवरून टाकली, काखांखालून घेतली. बंद पुढे, छातीवर फुली, पुन्हा मागे, मुलीच्या बुडाखालून आडवे, पुन्हा पुढे. तोरुन रुंद खांद्यांची बाई. बंदांचं लाल कापड तिच्या कंबरेपाशी संपलं. गाठ मारायला पुढे उरले ते फक्त निळे तुकडे. ते पुरले.

आस्लॉगनं निळी गाठ आवळली. आवळून झाल्यावरही तिची बोटं त्या जोडावर, त्या बारीक एकसारख्या टाक्यांवर, थोडा वेळ राहिली.

"कंजूष नव्हती ती," ती म्हणाली.

तोरुननं हात हळूहळू मोकळे केले. पुढे घेतले. दोन्ही हात रिकामे, आणि मूल होतं तिथंच. ती त्या हातांकडे बघत राहिली. मातीनं भरलेले, लालबुंद.

हाल्वर दारात आला, बूट न काढता. त्याला आईनं ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. त्यानं वाडगा घेतला, लापशी वाढून घेतली, काहीतरी करायला हवं म्हणून एक घास खाल्ला.

"थंड झालीय," तो म्हणाला, आणि तोंड पुसण्याच्या निमित्तानं डोळे पुसले.

"हो," आस्लॉग म्हणाली. "आता थंडच मिळेल. खा आणि जा, बटाटे कोण काढणार?"

त्या दिवशी तोरुननं उरलेल्या सऱ्या उकिडव्यानं वेचल्या, पाठीवर वजन घेऊन. दहिवर गोठलं तेव्हा रानात फक्त पाला होता.

*

गुरुवारी एवेन्सेनबाईंनी दारात बूट काढले. रांगेच्या शेवटी एक रबरी जोडा उलटा पडला होता आणि दुसरा पार सतरंजीवर, मांजराच्या पंजात. त्यांनी आपले बूट सरळ ठेवले आणि आत आल्या. तोरुन खिडकीशी उभी होती, त्यांच्याकडे तोंड करून, बटाटे सोलत. छातीवर लाल फुली होती, पण नव्या तऱ्हेचा एप्रन असेल असं त्यांना वाटलं.

"बसा ना, एवेन्सेनबाई. आई, कॉफी."

"तुम्हीही बसा. फोनवर म्हणालात, महत्त्वाचं बोलायचंय."

"मला नाही बसता येणार," तोरुन म्हणाली आणि सोललेला बटाटा पाण्यात टाकायला वळली.

एवेन्सेनबाई म्हणणार होत्या की पाठ... पण त्या म्हणाल्या नाहीत. त्या पाठीवर एक काळं केसाळ डोकं कलंडलं होतं. तोंड उघडं. लाळेचा एक गोल डाग स्वेटरवर पसरला होता आणि तो आजचा पहिला नसावा.

आस्लॉगनं कप जरा आदळूनच ठेवला. "साखर?"

"नको," एवेन्सेनबाई कुजबुजल्या. त्यांनी पिशवीतली वही काढली, मग तशीच परत ठेवली. "काय बोलायचं होतं, तोरुन?"

तोरुननं सुरी थांबवली. बाहेर ओसरीत हाल्वर पलंगाचे कापलेले पाय पुन्हा जोडता येतात का ते बघत होता, म्हणजे निदान तसं दाखवत होता. त्याची ठोकठोक मघापासून थांबलेली होती.

"हिवाळ्याचे बूट," ती म्हणाली. "इतक्या लहान पायांचे कुठं मिळतील? इथल्या दुकानात नाहीयेत."

ठोकठोक पुन्हा सुरू झाली.

*

सोलमध्ये, विमानाच्या आदल्या दिवशी दुपारी, उन-सिलला तान्ही असल्यापासून सांभाळलेल्या बाईनं लाल गोधडीच्या दोन्ही बंदांना वीत वीत निळं कापड जोडलं. तिकडच्या बायका अंगानं मोठ्या असतात, असं तिनं ऐकलं होतं.